तीन नंबरच्या रायफलचा वर जाणारा छर्रा: दोष रेग्युलेटरच्या सीटमध्ये

आपल्या एअर रायफलींपैकी तीन नंबरचं कोडं सुटलं. ब्रीचची (छर्रा घालायच्या जागेची) ओ-रिंग नवी आहे, स्टॉकचे स्क्रू उत्पादकाने दिलेल्या टॉर्कला आवळलेत, मागचा साइट हलत नाही, ४.४९ आणि ४.५० मिमी हेडचे छर्रे दोन्ही लावून झाले. तरी मध्येच एखादा छर्रा सरळ वर जायचा. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, फक्त वर.

अशा फ्लायरचं, म्हणजे भरकटलेल्या छर्र्याचं, खापर पहिल्यांदा फुटतं ते मुलांच्या डोक्यावर. श्वास सुटला, ट्रिगर ओढला, लक्ष उडालं. बारा-तेरा वर्षांचं पोर ते मुकाट्याने मान्यही करतं आणि चांगला जमलेला होल्ड, म्हणजे रायफल धरायची पद्धत, बदलायला लागतं. म्हणून नियम पक्का करा: फ्लायर एकाच दिशेने जात असेल, तर मुलाला एक शब्द बोलण्याआधी रायफल क्लॅम्पमध्ये लावायची. क्लॅम्पमध्येही शिस्त तीच. नळीचं तोंड टार्गेटकडे, फायरिंग लाइनच्या पुढे कोणी नाही, आणि दोन फैरींच्या मधे सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण) आत.

खरा उलगडा छर्र्याचा वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफने केला. लागोपाठ मारलेले छर्रे १७० मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास. दोन मिनिटं थांबून मारलेला पहिला छर्रा १८०. त्यानंतर पुन्हा १७०. म्हणजे रायफल स्वस्थ असताना आत दाब वाढत होता.

दहा मीटरवर एवढ्याशा वेगाने काय बिघडतं, तर हिशोब करून बघा. १७० च्या वेगाने छर्रा दहा मीटरमध्ये साधारण १७ मिमी खाली येतो, १८० ने साधारण १५ मिमी. फरक पावणेदोन-दोन मिलिमीटरचा. एअर रायफलच्या टार्गेटवर गुणातल्या दशांशाचा प्रत्येक टप्पा ०.२५ मिमीचा असतो, त्यामुळे अगदी मधोमध जाणारा १०.९ गुणांचा छर्रा थेट १०.२ वर येतो. होल्ड जरासा वर असेल तर तोच नऊमध्ये. साठ छर्र्यांच्या मॅचला सव्वा तास मिळतो, म्हणजे सरासरी एका छर्र्याला सव्वा मिनिट. जो मुलगा रायफल खाली घेऊन पुन्हा उचलतो, नीट विचार करून मारतो, त्यालाच ही रायफल शिक्षा करत होती. भराभर मारणाऱ्याला काहीच जाणवत नव्हतं.

दोष कुठला हे फटक्यांवरूनच बरंचसं कळतं. ब्रीचमधून हवा सुटत असेल तर वेग कमी होतो आणि छर्रे खाली विखुरतात. ब्रीचवर टिश्यू पेपरची पट्टी धरून बार काढला की ती फडफडते, त्यात शंका उरत नाही. नळीच्या तोंडाची कड दुखावली असेल तर ग्रुप, म्हणजे छर्र्यांचा घोळका, सगळीकडेच पसरतो. रेग्युलेटर सिलिंडरमधल्या हवेचा दाब उतरवून ठरलेल्या आकड्यावर ठेवतो; सिलिंडरचा दाब त्या आकड्याखाली गेला तर एकामागून एक छर्रे खाली उतरत जातात, मधेच सुधारत नाहीत. थांबल्यानंतरचा फक्त पहिला छर्रा वर आणि पुढचे जागेवर, हे लक्षण रेग्युलेटरचं.

या रेग्युलेटरमध्ये बशीसारख्या वॉशरच्या थप्पीवर पिस्टन बसतो. पलीकडचा दाब ठरलेल्या आकड्याला पोचला की पिस्टनचं प्लास्टिकचं टोक, म्हणजेच सीट, बारीक भोकावर दाबून हवा बंद करतं. त्या टोकावर केसाएवढा ओरखडा किंवा कण असला, तरी हवा झिरपत राहते. एका बारनंतर लगेच दुसरा मारला तर झिरपायला वेळ मिळत नाही, म्हणून दोष लपतो. आपल्या सीटवर भिंगाखाली एक अर्धगोल खाच दिसली, आणि भोकाच्या कडेला करडी भुकटी.

रेग्युलेटर उघडणं हे मुलांचं काम नाही, आणि प्रशिक्षण नसलेल्या मोठ्यांचंही नाही. जमत नसेल तर सरळ उत्पादकाच्या सर्व्हिसला पाठवा. आधी सिलिंडर काढायचा, मग छर्रा न घालता सुरक्षित दिशेने बार काढत राहायचं, फुसका आवाजही येईनासा होईपर्यंत. गेज शून्य दाखवतोय एवढ्यावर विसंबू नका, कारण बहुतेक रायफलींवर तो सिलिंडरचा दाब दाखवतो, रेग्युलेटरच्या पुढे अडकलेली हवा नाही. ओ-रिंगला फक्त सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला जेमतेम लागेल एवढंच. शिलाई मशीनचं किंवा कुठलंही खनिज तेल नकोच. दाबलेली हवा तापते, आणि तेलाची वाफ आतल्या आत पेटू शकते.

सुट्या भागांबद्दल एक स्पष्ट मत. मिश्र ओ-रिंगचा स्वस्त डबा ब्रीचपुरता चालेल, तिथे ७० शोअरचा कडकपणा पुरतो. सिलिंडरकडच्या, २०० बार दाबाच्या बाजूला ९० शोअरचीच हवी, कारण मऊ रिंग दाबाखाली फटीत घुसते आणि सोलली जाते. सीट मात्र उत्पादकाचीच घ्या, दोन पैसे महाग पडली तरी.

नवी सीट लावली. सुरुवातीच्या काही फैरींना वेगात किंचित वाढ दिसली, टोक भोकावर बसेपर्यंत तेवढं होतंच. आता तीस सेकंद, दोन मिनिटं, दहा मिनिटं थांबून मारलं तरी वेग दोन मीटरच्या आत राहतोय, म्हणजे टार्गेटवर जेमतेम ०.४ मिमी. क्लॅम्पमधला ग्रुप एकाच भोकाचा. तो कागद जपून ठेवलाय.

पुढच्या आठवड्यात उरलेल्या रायफलींना सीट मागवायचं ठरलं होतं. पण लिहितालिहिता ती करडी भुकटी डोक्यात घोळतेय. हातपंपाची हवा दमट असते. पंपाचा बाष्पगाळा वेळेवर बदलला नाही तर पाणी सिलिंडरमध्ये साठतं, धातू गंजतो, आणि तो कण सीटपर्यंत पोचतो. तसं असेल तर नवी सीटही वर्षभरात तशीच खाचेल. तेव्हा सीट थांबू दे, आधी भरण्याची पद्धत बदलूया: डायव्हिंगच्या सिलिंडरमधली कोरडी हवा, व्हॉल्व्ह अगदी हळू उघडून. त्यात फक्त हवाच, ऑक्सिजन कधीच नाही. भरताना प्रत्येक सिलिंडरवरची तारीखही वहीत उतरवून घेऊ. मॅच रायफलींच्या सिलिंडरला उत्पादक साधारण दहा वर्षांची मुदत देतात, आणि आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमाप्रमाणे ती पाळण्याची जबाबदारी नेमबाजावरच असते.

बाकी थोडक्यात. सेफ्टी फ्लॅग म्हणून गवत कापायच्या यंत्राची भडक नारिंगी नायलॉन दोरी झकास चालते. नळीपेक्षा बरीच लांब कापा, म्हणजे तोंडातून बाहेर दिसते आणि ब्रीचही बंद होऊ देत नाही. लांबून एका नजरेत कळतं. नळीसाठी फेल्टचे गोळे, ब्रीचकडून तोंडाकडे. लोखंडी गज तोंडाकडून घालणाऱ्यांना हात जोडून विनंती, कड जाते हो! बॅरल मोडून भरायच्या दोन स्प्रिंग रायफली वेगळ्या कपाटात गेल्यात. त्यांच्यात छर्रा घालताना दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरायची सवय मुलांच्या अंगी पूर्ण बाणल्याशिवाय त्या बाहेर येणार नाहीत, नळी मिटली तर बोट जातं. त्यांच्यावर रिकामा बारही काढायचा नाही, पिस्टन समोर आदळतो आणि सील फाटतो.

हात धुण्याची जागा आता दाराजवळच आहे. साबण आणि थंड पाणी, जेवणाचा डबा उघडण्याआधी. छर्रे शिशाचे आहेत आणि लहान शरीरात शिसं जास्त शोषलं जातं. छर्रे तोंडात धरायची सवय दिसली तर तिथल्या तिथे थांबवा.

पाच नंबरवरही थांबल्यानंतरचा पहिला छर्रा वर जातो, असं मुली सांगतायत. सीटला हात लावण्याआधी तिचा सिलिंडर काढून तोटीला पांढरा रुमाल लावायचा, व्हॉल्व्ह हळूच उघडायचा आणि ओल किंवा भुकटी येते का बघायचं.