तुम्ही विचारलंत म्हणून: ७२०पीच का?

‘दादा, १०८०पी कधी करणार?’ हा प्रश्न माझ्या प्रत्येक गेम-स्ट्रीमला येतो आणि सोबत सल्लाही येतो: नेटचा प्लॅन वाढव. कुडाळजवळच्या आमच्या वाडीत फायबर देणारा केबलवाला एकच. डाउनलोड १००, अपलोड ५ एमबीपीएस, यापुढचा प्लॅन त्याच्याकडे नाहीच. संध्याकाळी ते ५ सुद्धा पुरते मिळत नाहीत, म्हणून स्ट्रीमचा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला पाठवायचा डेटा, ३,५०० केबीपीएस. एवढं सांगितलं की लोक म्हणतात, मग ३,५००वरच १०८०पी कर ना!

केलंय. काय झालं ते एकदा नीट सांगतो.

पावसाळ्यात तालुक्यातल्या पोरांची बीजीएमआय या मोबाइलवरच्या शूटर गेमची स्पर्धा होती, कास्टिंग, म्हणजे स्ट्रीम आणि कॉमेंट्री, माझ्याकडे. मी आयोजकांना सांगितलं होतं की एवढ्या अपलोडवर १०८०पी निभणार नाही. पण ‘१०८०पी ६० एफपीएस’ (सेकंदाला ६० फ्रेम) असे बॅनर छापून लागलेसुद्धा होते. शेवटची मॅच एरांगेल या नकाशावर. सर्कल, म्हणजे खेळायची आक्रसत जाणारी जागा, गवताच्या उतारावर आलेलं. एका संघाचा एकच पोरगा उरलेला, गवतात पालथा, आणि समोर तिघे. त्याचे आईवडील घरी मोबाइलवर बघत होते. त्याने धुराचा बॉम्ब टाकला, कॅमेरा वळला आणि स्ट्रीमवर हिरवट-करडा लगदा झाला. नुसते चौकोन. ओबीएसमध्ये, म्हणजे स्ट्रीमच्या सॉफ्टवेअरमध्ये, ड्रॉप्ड फ्रेम शून्य, एन्कोडिंग लॅग नाही, सगळं ठीक. मला माझ्या फोनवर गेम लख्ख दिसत होता, मी ओरडत होतो, ‘पहिला गेला, दुसरा गेला!’ आणि चॅटमध्ये एकच प्रश्न: कोण मेलं? त्याने तिघांनाही मारलं. दुसऱ्या दिवशी तो इन्स्टावर टाकायला क्लिप मागायला आला. रेकॉर्डिंग स्ट्रीमच्याच एन्कोडरवरून (व्हिडिओ दाबून लहान करतो तो) झालेलं, त्यामुळे तिथेही तोच लगदा. तो म्हणाला, ‘यात मी कुठे आहे?’

नेट तुटलं नव्हतं, हे लक्षात घ्या. एन्कोडर मागच्या फ्रेममधलं जे तसंच आहे ते पुढे नेतो आणि बदललेलं तेवढंच पाठवतो. हलतं गवत, धूर आणि वळता कॅमेरा एकत्र आले की सगळंच बदललेलं असतं. १०८०पी६० म्हणजे सेकंदाला सुमारे १२.४ कोटी पिक्सेल. ३,५०० केबीपीएस त्यांत वाटले तर एका पिक्सेलला ०.०३ बिटही येत नाही. मी लावतो त्या ७२०पी३० मध्ये (सेकंदाला ३० फ्रेम) पिक्सेल २.७६ कोटी, म्हणजे तेवढ्याच बिटरेटमध्ये प्रत्येकाला साडेचारपट. वेगवान गेमला एक्स२६४ या माझ्या एन्कोडरवर पिक्सेलमागे ०.१ बिटच्या आसपास लागतातच. लॉबीत किंवा नुसतं लूट करताना १०८०पी सुंदर दिसतं, कबूल. पण लोक लॉबी बघायला येत नाहीत.

‘एव्ही१ वापर’ म्हणणारे बरोबर बोलतात, कमी बिटमध्ये चांगलं चित्र देणारा तो नवा व्हिडिओ फॉरमॅट. यूट्यूब ते घेतं, ओबीएसमध्येही २०२३पासून सोय आहे. पण त्याला आरटीएक्स ४०, आरएक्स ७००० किंवा इंटेल आर्कच्या तोलाचं ग्राफिक्स कार्ड लागतं. माझं जीटीएक्स १६५०. ट्युरिंग या पिढीचं म्हणून विकलं गेलं, पण त्यातला एन्कोडर आधीच्या पिढीचा. म्हणून मी प्रोसेसरवर एक्स२६४ चालवतो. फ्रेम निम्म्या झाल्याने प्रोसेसर मोकळा होतो आणि एन्कोडरचा प्रीसेट ‘व्हेरीफास्ट’वरून ‘फास्ट’वर, म्हणजे सावकाश पण नीट काम करणाऱ्यावर, नेता येतो. तेवढ्याच बिटरेटमध्ये चित्र आणखी थोडं सुधारतं. वायफायऐवजी लॅन केबल, गेमची ग्राफिक्स ‘स्मूथ’वर, की-फ्रेम (पूर्ण पाठवली जाणारी फ्रेम) २ सेकंदांनी. फेसकॅमही काढला. माझा चेहरा हलला की त्यालाही बिट लागतात, आणि तेच मला गवतासाठी हवे असतात. यातलं काही आळसाने केलेलं नाही, हे एकदा तरी मान्य करा.

तरी माझ्या मनात अजून वाद चालतो: शूटरला ६० फ्रेम नकोत का? हव्यात. स्प्रे करताना, म्हणजे सलग गोळ्या झाडताना, बंदूक कशी उचलते, ते ३०मध्ये नीट कळत नाही. शिकायला येणाऱ्या पोरांचं नुकसान होतं आणि त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. ७२०पी६० करून पाहिलं, तर गवतात पुन्हा चौकोन. ५४०पी६० हिशेबात बसतं, पिक्सेल जवळपास ७२०पी३० एवढेच. पण मग किल-फीडमधली (कोणी कोणाला मारलं त्या यादीतली) नावं मोबाइलवर वाचता येत नाहीत. एका रविवारी ५४०पी६० लावलं, तर निम्मे म्हणाले मस्त, निम्मे म्हणाले काहीच दिसत नाही. पुढच्या स्पर्धेला यातलं कोणतं लावणार, हे अजून ठरलेलं नाही. १०८०पी मात्र नाही, बॅनरवर काहीही छापा.