गरम ठिपक्याच्या मागे: पावसाळ्यातली प्रगती

जूनपासून दुर्बिणीवर चादर आहे. त्र्यंबककडून ढग येतात ते गंगापूर रोडवरच मुक्काम ठोकतात. तसंही मला हवा असलेला ठिपका, म्हणजे स्फोट होऊन फुटलेल्या ताऱ्याच्या अवशेषात मागे उरलेला गरम न्यूट्रॉन तारा, गच्चीवरून कधीच दिसला नसता. म्हणून चंद्रा या क्ष-किरणांच्या अवकाश दुर्बिणीच्या खुल्या संग्रहातून निरीक्षणं उतरवायची आणि रात्री डीएस-नाइन या चित्रं बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बसायचं, असं चाललंय.

सरावाला शर्मिष्ठेतला कॅस ए हा अवशेष घेतला. स्फोट १६८० च्या आसपासचा, अंतर सुमारे ११,००० प्रकाशवर्षं. ऑगस्ट १९९९ मध्ये चंद्राच्या पहिल्याच चित्रात मधोमध त्याचा न्यूट्रॉन तारा दिसला, आणि मग रोसॅट या आधीच्या क्ष-किरण उपग्रहाच्या जुन्या निरीक्षणांतही सापडला! होता तिथेच, कोणाची नजर गेली नव्हती. माझ्यासारख्यांची सगळी भिस्त असल्याच गोष्टींवर.

मग धीर करून दुसरा, आकाशगंगेच्या प्रतलातला अवशेष घेतला. नाव सांगत नाही, ग्रुपवर आधीच पुरेसं हसून झालंय. कवचाच्या आत एक टोकदार, मऊ (कमी ऊर्जेच्या) क्ष-किरणांचा ठिपका मिळाला. रेडिओत काही नाही, भोवती खेकडा तेजोमेघासारखं पल्सारचं (फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्याचं) वलय नाही, अगदी कॅस एच्या ताऱ्यासारखंच. दोन रात्री झोप नाही.

तिसऱ्या रात्री ऊर्जेचे पट्टे वेगळे केले. माझा ठिपका १ केईव्हीच्या (क्ष-किरणांची ऊर्जा मोजायचं एकक) खालीच सगळ्यात जास्त चमकत होता, आणि तिथेच पाल चुकचुकली. इतक्या लांबून, एवढ्या धुळी-वायूतून येताना मऊ फोटॉन वाटेतच शोषले जायला हवेत. कॅस एचा ठिपका त्या पट्ट्यात जवळजवळ गायब होतो, तापमान लाखो अंश असूनही. म्हणजे माझा पाहुणा अवशेषातला नव्हे, वाटेतला, आपल्या जवळचाच. गाया या ताऱ्यांची नोंद करणाऱ्या अवकाश दुर्बिणीच्या यादीत त्याच जागी नीट तारा बसलेला होता: साधा, तापलेल्या किरीटाचा (बाहेरच्या वातावरणाचा), अवशेषाच्या कितीतरी पुढे उभा.

ही यादी पहिल्या रात्रीच उघडायला हवी होती. न्यूट्रॉन तारा जेमतेम २०-२५ किलोमीटर व्यासाचा, दृश्य प्रकाशात त्याची जागा रिकामीच दिसायला हवी. आता क्रम उलटा केलाय: आधी गाया, मग पट्टे, झोप त्यानंतर उडवायची.

पुढचा सराव पपिस ए, असाच आणखी एक अवशेष. तिथला तारा सेकंदाला काही शे किलोमीटर वेगाने नैऋत्येला पळतोय, आणि स्फोटात उडालेल्या ऑक्सिजनच्या गाठी उलट्या दिशेला. वेगवेगळ्या वर्षांची दोन चित्रं एकावर एक ठेवून ते सरकणं मला जमतंय का, बघतो. फाईल अजून उतरतेय, मघाशी लाईट गेली होती.