बहरीनमधील दिलमुनकालीन दफनटेकाडे पाहायला जाताना

मनामाहून हमद टाऊनच्या बाजूला निघाले की वसाहतींच्या मधल्या मोकळ्या जागांत मुरमाचे बुटके उंचवटे दिसू लागतात आणि माहिती नसेल तर कोणी बांधकामाचा राडारोडा टाकून ठेवला असेल, अशा समजुतीने माणूस पुढे निघून जातो. ती इ. स. पू. २२०० ते १७५० या काळातील दिलमुन संस्कृतीची थडगी आहेत. युनेस्कोने २०१९ मध्ये जागतिक वारसा यादीत घेतलेल्या २१ स्थळांपैकी सहा दफनक्षेत्रांत मिळून सुमारे ११,७७४ टेकाडे आहेत, तर उरलेल्या १५ स्थळांवर १७ राजटेकाडे आहेत.

जाणाऱ्यांना माझा पहिला सल्ला असा की, दफनक्षेत्रात जाण्यापूर्वी मनामाचे राष्ट्रीय संग्रहालय पाहावे. तेथील थडग्यांच्या दालनात एक टेकाड उभे छेदून मांडलेले आहे. बाहेर गोल दगडी भिंत, मध्यभागी चुनखडीच्या दगडांची अरुंद खोली, तिच्या टोकाला कोनाडा आणि वर झाकणाच्या शिळा, अशी रचना तिथे एका नजरेत कळते. मृताला उजव्या कुशीवर, गुडघे दुमडून आणि हात चेहऱ्याजवळ घेऊन निजवलेले असे. सोबत मातीची भांडी ठेवत. मुळात ही थडगी टेकाडे नव्हतीच, तर ठेंगणे, गोल बुरूज होते. दगड ढासळून आणि वाळू साचून त्यांना आजचा आकार आला. हे ठाऊक नसताना क्षेत्रात गेल्यास मुरमाच्या ढिगांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही.

राजटेकाडे पाहण्यासाठी ‘आली’ या गावी जावे. ही दुमजली थडगी चक्क वस्तीच्या मधोमध आहेत. एका बाजूला घरांच्या भिंती आणि वाहनतळ, दुसऱ्या बाजूला तीन-चार मजली घराइतका दगडमातीचा डोंगर. गाव कुंभारकामासाठी प्रसिद्ध असून पूर्वी कुंभारांनी या टेकाडांच्या कुशीतच भट्ट्या थाटल्या होत्या. वारसाप्रेमींना हे खटकेल, पण चार हजार वर्षे गावाच्या वापरात राहिलेली जागा म्हणून मला ते अस्वाभाविक वाटले नाही. यांतील एका थडग्यात सापडलेल्या दगडी भांड्यांच्या तुकड्यांवरील कीलाक्षरी लेखांमुळे याग्ली-एल या राजाचे नाव आता निश्चित झाले आहे.

आलीत १९२५ मध्ये अर्नेस्ट मॅके यांनी उत्खनन केले होते. हेच मॅके पुढे मोहेंजोदडोच्या उत्खननात अग्रभागी होते. एवढी थडगी पाहून, परमुलखातून मृतदेह आणून इथे पुरत असावेत, असा त्यांचा तर्क होता. पुढे पी. व्ही. ग्लोब यांच्या डॅनिश मोहिमेने १९५० च्या दशकात कलात अल-बहरीन या किल्ल्याच्या जागी त्या काळची मोठी वस्ती उजेडात आणली आणि तो तर्क मागे पडला. सिंधू खोऱ्याच्या मापाची वजनेही तिथे मिळाली आहेत, त्यामुळे भारतीय प्रवाशाने तो किल्ला आणि त्यालगतचे संग्रहालय चुकवू नये.

नोव्हेंबर ते मार्च हाच काळ योग्य. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि टेकाडांवर सावलीचा मागमूस नसतो. दुपारी बारा वाजता सगळे सपाट दिसते. तिरपे ऊन पडू लागले की एकेका टेकाडाची गोलाई उठून दिसते, म्हणून दफनक्षेत्र सायंकाळसाठी राखून ठेवावे. स्थळे विखुरलेली असल्याने बसच्या भरवशावर राहण्यापेक्षा टॅक्सी दिवसभरासाठी ठरवावी आणि भाडे आधीच बोलून घ्यावे. मुरूम पायाखालून सरकतो, तेव्हा चप्पल नको. काही टेकाडे कुंपणाआड आहेत; कुंपण नसले तरी वर चढू नये, कारण कडेचे दगड सहज निखळतात. संग्रहालयाचा साप्ताहिक सुट्टीचा दिवस आणि वेळा निघण्यापूर्वी तपासाव्यात.

वेळ उरल्यास सार येथे थांबावे. तिथली थडगी एकमेकांच्या भिंतींना भिंत लावून, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जोडत नेलेली आहेत आणि जवळच त्याच काळातील घरे, गल्ल्या व मंदिर यांचे पाये उघडे आहेत. आलीच्या राजांपेक्षा सामान्य दिलमुनवासीयाची कल्पना इथे अधिक येते, त्यामुळे दोहोंपैकी एकच ठिकाण जमणार असेल तर मी सारची निवड करीन.