त्यांच्या धर्मातच आहे का ते?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. फोंड्यात इतिहास शिकवत आले, त्यामुळे हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, बसस्टँडवर, पालकसभा संपल्यावर, कुठेही गाठतो. आदल्या दिवशी कुठेतरी स्फोट झालेला असतो आणि विचारणारा बहुतेक वेळा भला माणूस असतो. "टीचर, तुम्ही वाचलेल्या. खरं सांगा, जिहाद म्हणजे मारा-कापाच ना? त्यांच्या धर्मातच आहे ना ते?" उभ्या उभ्या याचं जे काही उत्तर द्यावं ते अर्धवट राहतं. म्हणून आज जरा बैजवार सांगते.

शब्दाचं आधी उरकते. जिहाद म्हणजे झटणं, जिवापाड धडपडणं. कुराणात तो लढाईसाठी येतो आणि लढाईचा संबंध नसतानाही येतो. बुखारींच्या हदीस-संग्रहात, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहात, एक प्रसंग आहे. एक माणूस पैगंबरांकडे जिहादला जायची परवानगी मागायला येतो. ते विचारतात, आईवडील हयात आहेत का? आहेत म्हटल्यावर सांगतात, मग त्यांच्यासाठी झट.

पण इथेच थांबून "जिहाद म्हणजे फक्त स्वतःच्या मनाशी लढाई" असं सांगणाऱ्यांचंही मला पटत नाही. लढाईहून परतताना पैगंबर म्हणाले की आपण लहान जिहादकडून मोठ्या जिहादकडे आलो, हे वचन सूफींचं फार आवडतं. इब्न तैमियांसारख्या मध्ययुगातल्या धर्मपंडितांनी मात्र ते निराधार ठरवलं. इस्लामी कायद्याचे जुने ग्रंथ उघडले तर जिहादच्या प्रकरणात वेढा, तह, युद्धकैदी, लूट, जिझिया (बिगर-मुसलमानांवरचा कर) यांचाच खल सापडतो. राज्यविस्तार हे धर्मकार्य मानणारी मतंही त्यात आहेत. मध्ययुगातल्या साम्राज्यांचं ते युद्धशास्त्र होतं. हे लपवून कुणाचं भलं होत नाही, मुसलमानांचं तर नाहीच. आपण गाळलेला भाग ऐकणारा घरी जाऊन मोबाइलवर शोधतो आणि मग आपलं खरं असलेलंही मानत नाही.

त्या युद्धशास्त्राला मर्यादा होत्या, हेही तितकंच खरं. युद्ध पुकारायचा अधिकार राज्यकर्त्याचा. बायका, मुलं, म्हातारे, मठात राहणारे साधू यांना हात लावायचा नाही. पहिले खलिफा अबू बक्र यांनी सीरियाकडे निघालेल्या सैन्याला दिलेली ताकीद इमाम मालिक यांच्या संग्रहात आहे: फळझाडं तोडू नका, वस्ती उजाड करू नका, खायला लागतील तेवढ्याच शेळ्या आणि उंट मारा. सगळी सैन्यं हे पाळत होती असं इतिहासाचा कुणीही अभ्यासक म्हणणार नाही. पण मोडणारा नियम मोडतोय, एवढं म्हणायची सोय तरी होती.

कुराणाच्या नवव्या सुरहची, म्हणजे अध्यायाची, पाचवी आयत (वचन) तुमच्याही मोबाइलवर आली असेल: मूर्तिपूजक जिथे सापडतील तिथे त्यांना मारा. ती आयत कुराणात आहे, कुणी रचून घातलेली नाही. तह मोडलेल्या अरब टोळ्यांच्या संदर्भात ती येते. चौथी आयत सांगते की ज्यांनी तह पाळला त्यांच्याशी तुम्हीही मुदत संपेपर्यंत पाळा. सहावी सांगते की त्यांच्यातल्या कुणी आश्रय मागितला तर द्या आणि त्याला सुखरूप जागी पोहोचवा. चौथी आणि सहावी गाळून पाचवी तेवढी फिरवणारे दोघे आहेत. एक इस्लामचा द्वेष करणारा, दुसरा इस्लामच्या नावाने बॉम्ब ठेवणारा. दोघांचं वाचन अगदी सारखं आहे.

विसाव्या शतकात मोठी मोडतोड झाली ती युद्ध पुकारायच्या अधिकाराची. इजिप्तमध्ये सय्यद कुत्ब यांनी मुसलमान म्हणवणारी राज्यंच इस्लामपूर्व अज्ञानयुगात आहेत असं मांडलं. त्यांना १९६६ साली फाशी झाली, पण विचार राहिला. त्यातून पुढे अशी मांडणी निघाली की राज्यकर्ताच धर्मभ्रष्ट असेल तर लढायचं कर्तव्य प्रत्येकाच्या अंगावर येतं. ६ ऑक्टोबर १९८१ला अन्वर सादात यांना लष्करी संचलनात गोळ्या घातल्या त्या हेच मानणाऱ्यांनी. राजाचा अधिकार टोळीने घेतला आणि बाकीच्या मर्यादाही गेल्या. १६ डिसेंबर २०१४ला पेशावरच्या शाळेत १३० हून जास्त मुलं मारली गेली. मुलं मुसलमान, त्यांच्या शिक्षिका मुसलमान, मारणारेही स्वतःला मुजाहिद, म्हणजे जिहाद लढणारे, म्हणवणारे. मी शिक्षिका आहे, त्या दिवसाचं वर्णन मला अजून पुरतं वाचवत नाही. आणि मुंबईवरच्या २००८ सालच्या हल्ल्यानंतर तिथल्या बडा कब्रस्तानच्या विश्वस्तांनी नऊ मृत हल्लेखोरांना दफनासाठी जागा नाकारली, हेही विचारणाऱ्याने लक्षात ठेवावं. "त्यांच्यातले लोक बोलत का नाहीत" असं आपण विचारतो. ते बोलले होते, आणि थेट कब्रस्तानच्या दारातच बोलले होते.

आता गोव्याकडे येते. फोंड्यात राहून हा प्रश्न नुसता कुराणाच्या पानांवर सोडवता येत नाही.

शहापूरची साफा मशीद तुम्ही हायवेवरून जाताना पाहिली असेल. मी मुलांना आत नेते. बांधकाम १५६० सालचं, विजापूरच्या अली आदिलशहाच्या काळातलं. भिंती जांभ्याच्या, वर आपल्या घरांना असतं तसं उतरतं कौलारू छप्पर. शेजारी मोठी चौकोनी तळी. पायऱ्या पाण्यापर्यंत उतरत जातात, आणि तळीच्या भिंतींत छोट्या छोट्या कमानी कोरलेल्या आहेत. मुलं त्या मोजत बसतात. आवारात तुटलेल्या खांबांचे जांभ्याचे अष्टकोनी बुंधे उरलेत, पावसात त्यांच्यावर शेवाळ चढतं.

याच १५६० साली पोर्तुगीजांच्या जुन्या गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, सुरू झालं. त्या दशकात बार्देश आणि साष्टीतली देवळं पाडली गेली. कुठ्ठाळीचा मंगेश, केळोशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा, भक्तांनी रातोरात नदीपलीकडे नेली. नेली कुठे? अंत्रुजात, म्हणजे आपल्या फोंडा भागात. प्रियोळ, कवळे, म्हार्दोळ ही आज आपल्या तोंडावर असलेली देवस्थानं त्यामुळेच इथे आहेत. आणि अंत्रुज महाल तेव्हा आदिलशाहीत होता. ज्या सुलतानाच्या काळात साफा मशीद उभी राहिली, त्याच्याच मुलखात आपल्या देवांनी आसरा घेतला. वर्गात हे सांगितलं की काही वेळ कुणी बोलत नाही. सुलतान हिंदूंचा कैवारी होता असं मला म्हणायचं नाही. पोर्तुगीज त्याचे वैरी होते आणि सरहद्दीवर माणसं वसलेली त्याला हवी असणार. कारण काहीही असो, देव राहिले.

आणि याच अली आदिलशहाला एक जिहादचं पुस्तक अर्पण झालेलं आहे. मलबारच्या झैनुद्दीन मखदूम यांनी सोळाव्या शतकात ते अरबीत लिहिलं. पोर्तुगीजांनी हजला जाणारी जहाजं लुटली, मशिदी जाळल्या, माणसं बाटवली, म्हणून मुसलमानांनी त्यांच्याशी लढावं, असं त्यांचं आवाहन. त्याच पुस्तकात कालिकतच्या सामोरीची स्तुती आहे. सामोरी हिंदू राजा. मुसलमान सुलतान झोपलेत आणि हा परधर्मी राजा आमच्यासाठी पैसा ओततोय, अशी लेखकाची तक्रार आहे. १५७० साली आदिलशहाने गोव्याला वेढा घातला, अहमदनगरच्या निजामशहाने चौलला, आणि सामोरी त्यांच्या बाजूने होता.

पुढचं तर याहून गुंतागुंतीचं. सामोरीचे आरमारप्रमुख म्हणजे कुंजाली मरक्कार, पिढ्यान्‌पिढ्या पोर्तुगीजांशी समुद्रावर झुंजलेले. चौथ्या कुंजालीचं सामोरीशी बिनसलं. मग सामोरी आणि पोर्तुगीज एक झाले, त्यांनी मिळून त्याचा किल्ला घेरला. १६०० साली तो शरण आला, त्याला गोव्यात आणलं आणि इथे त्याचा शिरच्छेद झाला. धडाचे तुकडे पणजी आणि बार्देशच्या किनाऱ्यावर टांगले, शिर मीठ लावून कन्नूरला पाठवलं. घेरणारा राजा हिंदू, मारणारे ख्रिस्ती, मेला तो मुसलमान, आणि भांडण सत्तेचं आणि समुद्रावरच्या व्यापाराचं. यातून "कोणाच्या धर्मात हिंसा आहे" हे कुणी मला काढून दाखवावं.

यावर हमखास येणारा आक्षेप मला ठाऊक आहे: "टीचर, तुम्ही त्यांचीच बाजू घेता." घेत नाही. दिवाडीचं सप्तकोटेश्वराचं देऊळ चौदाव्या शतकात बहामनी फौजांनी पाडलं, हे मी दरवर्षी शिकवते. विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारलं, १५४०त पोर्तुगीजांनी पुन्हा पाडलं, आणि १६६८ साली नार्व्याला शिवाजी महाराजांनी त्याचा जीर्णोद्धार केला. शिलालेख दारावर आहे, जाऊन वाचा. आणि १५१०चंही शिकवते. पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कने गोवा घेतल्यावर शहरातल्या मुसलमानांची कत्तल केली, मशिदीत कोंडून माणसं जाळली, आणि डिसेंबरात पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून सुमारे ६००० जीव मारल्याचं अभिमानाने कळवलं. बायकाही त्यात होत्या. त्याच्या लेखी ही देवाची सेवा होती.

आता मला सांगा, इन्क्विझिशन मधली काही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. त्याला धर्मपीठाचा शिक्का होता, कायदा होता, तुरुंग होता. तरी चवथीला शेजारच्या कॅथलिक घरी नेवऱ्यांचं ताट पाठवताना तुमच्या मनात त्याचा जाब येतो का? बायबलातल्या कुठल्या ओळीने ते केलं, असं आपण त्यांना विचारतो का? नाही विचारत. संस्था वेगळी, काळ वेगळा, शेजारी वेगळा, हे आपल्याला न शिकवता कळतं. कुंकळ्ळीत १५८३ साली गावकऱ्यांनी पाच जेझुइट पाद्री मारले. त्यांच्यातले रुदोल्फो आक्वाव्हिवा अकबराच्या दरबारात मौलवींशी धर्मचर्चा करून नुकतेच परतले होते. मग पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांना बोलणीसाठी असोळणेच्या किल्ल्यात बोलावून मारलं. आज फातर्प्याहून देवी कुंकळ्ळीला येते तेव्हा छत्रोत्सवात बारा वांगडांच्या, म्हणजे गावच्या मूळ कुळांच्या, बारा छत्र्या निघतात आणि त्या वांगडांतले ख्रिस्ती गावकारही मानाने सामील होतात. इतकं रक्त सांडलेल्या गावाला हे जमलं. मग तीच मोजपट्टी आपण गोव्यातल्या आठ टक्के मुसलमानांना लावताना का बदलतो? माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

फोंड्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या वडिलांचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. बातमी आली की दोन दिवस गिऱ्हाईकं त्यांच्याकडे बघून बोलायला लागतात. कुणी थेटच विचारतं, तुमचं काय म्हणणं आहे यावर? एकदा ते हातातला पाना तसाच धरून मला म्हणाले, "टीचर, हांवें कितें सांगप?" त्यांना अरबी येत नाही. कुत्ब कोण, त्यांना माहीत नाही. शुक्रवारी नमाज, उरलेला आठवडा कार्ब्युरेटर. इजिप्तच्या तुरुंगात लिहिल्या गेलेल्या विचाराचा जबाब त्यांनी फोंड्यात द्यायचा, हा मला सरळ अन्याय वाटतो, आणि माझी चांगली माणसं तो रोज करतात याचं मला दुःख होतं.

१६ ऑक्टोबर २००९, नरकासुराची रात्र. मडगावात स्कूटरवर स्फोट झाला, दोघे मेले. तेच स्फोटकं नेत होते असं तपास यंत्रणेचं म्हणणं होतं आणि एका हिंदू संघटनेचं नाव पेपरात आलं. खटला चालला, त्यातले आरोपी २०१३ साली निर्दोष सुटले. तेव्हाही मी याच गावात होते, कपाळाला हीच टिकली होती. गिरण असो, बाजार असो की स्टाफरूम, मला कुणीही थांबवून विचारलं नाही की बाई, तुमच्या धर्मातच आहे का हे. विचारायलाच नको होतं. गीतेचा उपदेश रणांगणावरचा आहे. टिळकांनी तीच वाचली, गांधीजींनी तीच वाचली, आणि गोडसेनेही तीच. म्हणून गीतेची प्रत घरात असणाऱ्या प्रत्येकाने ३० जानेवारीचा खुलासा द्यायचा नसतो.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, इस्लामी परंपरेत युद्धाचा विचार आहे, त्याचे नियम आहेत, आणि ते नियम पायदळी तुडवून स्वतःला मुजाहिद म्हणवणारेही आहेत. त्यांच्याशी कायद्याने, पोलिसांनी, गरज पडली तर सैन्याने लढलंच पाहिजे. त्यात मला काडीचाही संकोच नाही. गॅरेजवाल्या काकांना त्यात ओढू नका. आणि मोबाइलवर एखादी आयत आली आणि मन अस्वस्थ झालं, तर तिचा आकडा घेऊन माझ्याकडे या. मागच्या-पुढच्या चार आयती दोघं मिळून वाचू, मग तुम्हाला जे वाटेल ते मला सांगा, मी ऐकून घेईन.