रत्नागिरीतल्या भाड्याच्या घरातील ओल आणि बुरशी: माझा अनुभव

रत्नागिरीत आम्ही भाड्याने घेतलेले तळमजल्याचे घर जांभ्याच्या चिऱ्यांचे असून त्याला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केलेला आहे. येथे वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा. त्यामुळे भिंती ओलावणारच असे सगळे गृहीत धरतात. फोनवर घरमालकांचे पहिले उत्तरही तेच होते: "वहिनी, कोकणात राहायचं तर ओल आलीच." मला ते मान्य करणे शक्य नव्हते. माझ्या सासूबाईंना दमा आहे, आतल्या खोलीत झोपू लागल्यापासून त्यांचा रात्रीचा खोकला वाढला होता, आणि डॉक्टरांनी त्यांची खोली लगेच बदलायला सांगितले होते.

सासूबाईंचे अंथरूण पुढच्या खोलीत हलवल्यावर आतले कपाट भिंतीपासून ओढले. प्लायवुडच्या पाठीवर हिरवट-करडी लव पसरलेली होती, खालच्या कप्प्यातल्या सुती साड्यांच्या घड्यांवर काळे ठिपके उठले होते आणि कुबट वास थेट घशात बसत होता. शेजारच्या भिंतीचे चित्र मात्र वेगळे होते. तिथे जमिनीपासून कमरेपर्यंत रंगाचे पोपडे सुटले होते आणि त्यांखाली पांढरा, भुसभुशीत लोणा, म्हणजे भिंतीतल्या क्षारांचा थर, आला होता, पण बुरशी जवळजवळ नव्हती. या दोन भिंतींचा रोग एक नाही, हे तेव्हाच लक्षात आले.

त्याची खात्री करण्याचा एक साधा उपाय आहे. भिंत कापडाने कोरडी पुसून तिच्यावर जाड प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवायचा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवायचा. प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर ते हवेतले बाष्प आहे. लोणा आलेल्या भिंतीवर थेंब आतून जमले. कपाटामागच्या भिंतीवर ते बाहेरून आले, म्हणजे स्वयंपाकाची वाफ आणि घरात वाळत घातलेल्या कपड्यांचा दमटपणा वारा न लागणाऱ्या त्या कोपऱ्यात साठत होता. बुरशीला साचलेले पाणी लागतच नाही. पृष्ठभागालगतची आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांच्या आसपास राहिली तरी ती वाढते.

त्यानंतर ओळखीच्या वयस्क गवंड्यांना बोलावले. त्यांनी हातोडीच्या दांड्याने भिंत ठोकत नेली आणि जिथे पोकळ आवाज आला तिथे खडूने खुणा केल्या. मग बाहेर जाऊन भिंतीलगतचा एक पेव्हर ब्लॉक पहारीने उचलला. खाली काळा चिखल आणि बोटभर पाणी साचलेले होते. काही वर्षांपूर्वी अंगणात भराव घालून हे ब्लॉक बसवले, तेव्हा अंगण जोत्याच्या बरोबरीला आले आणि उतार नेमका भिंतीकडे झाला. जांभा सच्छिद्र असतो, तो खालचे पाणी वर ओढतो. दोन्ही बाजूंनी सिमेंट असल्यामुळे ते बाहेर पडायला वाट उरत नाही. "ताई, रंगाचं नंतर बघू. आधी पाणी तोडा," एवढेच ते म्हणाले. ओलरोधक म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या रंगांवर लोक दरवर्षी खर्च करतात, तेव्हा मला हे वाक्य आठवते.

कायद्याची बाजू समजून घेण्यासाठी मी वकिलांचा सल्ला घेतला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार, उलट करार नसेल तर, जागा राहण्याजोग्या दुरुस्त स्थितीत ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत काम केले नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र एका वर्षात ही रक्कम वर्षभराच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. आमचा करार अकरा महिन्यांचा, लिव्ह अँड लायसन्सचा. असा परवानाधारक कायद्याच्या अर्थाने भाडेकरू ठरत नाही, त्यामुळे या कलमावर थेट बोट ठेवता येणार नाही, हे वकिलांनी स्पष्ट केले. तरीही बोलणी करायला ते माप वाजवी वाटले. तारखांसह फोटो, ओलीची उंची दाखवणारी मोजपट्टी, गवंड्यांचा अंदाजपत्रकाचा कागद आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडून मी मालकांना मुंबईला रीतसर पत्र पाठवले.

ते गणपतीला गावी आले तेव्हा घरी आले. मी काही बोलण्याआधीच त्यांनी भिंतीवर तळहात टेकवला, काढून पाहिला आणि म्हणाले, "हे मला फोनवर कळलं नसतं." खर्च त्यांनी सोसायचा, पण पैसे आधी आम्ही भरून देखरेख ठेवायची आणि रक्कम हप्त्याहप्त्याने भाड्यातून वळती करायची, असे ठरले.

पावसात गिलाव्याला हात लावण्यात अर्थ नव्हता. तोवर कपाट भिंतीपासून हातभर पुढे ठेवले, कपडे पडवीत वाळत घातले आणि स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंखा बसवला. बुरशी कोरड्या झाडूने झाडली तर तिचे बीजाणू घरभर उडतात, म्हणून मास्क लावून, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने ती पुसली. ब्लीचमध्ये संडास साफ करायचे ॲसिड मिसळण्याचा सल्लाही एकीने दिला होता. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो, त्यामुळे तसे कोणीही करू नये.

दिवाळीनंतर भिंतीलगतचे ब्लॉक काढून उताराचा चर खणला, आतला सिमेंटचा गिलावा लोणा आलेल्या रेषेच्या वरपर्यंत उतरवला आणि चिरे उन्हाळ्यापर्यंत उघडे ठेवले. सुटत राहिलेला लोणा कोरड्या ब्रशने झाडून गोळा केला, कारण पाण्याने धुतल्यास क्षार पुन्हा आत जिरतात. एप्रिलमध्ये चुन्याचा गिलावा झाला. पुढच्या पावसाळ्यात ती भिंत कोरडी राहिली आणि सासूबाई आपल्या खोलीत परतल्या. कपाटामागचा कोपरा श्रावणात अजूनही पुसावा लागतो.

करार नव्याने करताना आम्ही एक कलम घालून घेतले: छप्पर, पन्हळी, बाहेरच्या भिंती आणि चर यांची दुरुस्ती मालकांनी दरवर्षी मे अखेरपर्यंत करावी, आतील वायुवीजन आणि स्वच्छता राहणाऱ्यांनी सांभाळावी, आणि ओल दिसल्यास लेखी कळवल्यापासून १५ दिवसांत मालकांनी पाहणी करावी.