वीणेकरी काका आणि उमेदीचा प्रश्न

आमच्या दिंडीत वीणा ज्यांच्या गळ्यात असते, त्या काकांच्या तोंडून आशेचा शब्द निघत नाही. पहाटे काकडा झाला की आभाळाकडे बघून म्हणणार, "आज भिजवणार." वंटमुरीचा घाट आला की, "ट्रकवाले चेपून टाकतील, कडेनं चला." संध्याकाळी हरिपाठ संपला की उद्याच्या मुक्कामाला पाणी नसणार, ही बातमी. तरुण पोरं वैतागतात. पण टेंपोत जादाची ताडपत्री, मेणकापडं आणि पाण्याचे कॅन असतात ते काकांमुळे, आणि संकेश्वरच्या अलीकडे पावसानं झोडपलं तेव्हा आमचं अंथरूण कोरडं राहिलं तेही त्यांच्यामुळेच.

असा माणूस निराशावादी म्हणायचा का? बेळगाव ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपासची वाट चालताना मी यावर बराच विचार केला.

काका शेतकरी. आमच्या पश्चिम भागात भाताची धूळवाफ पेरणी करतात. पाऊस यायच्या आधी, कोरड्या धुळीत बी टाकायचं. मृग वेळेवर आला तर उगवण चांगली, नाही आला तर बी पाखरं खातात, दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो. काका यंदाही "काही खरं नाही" असं म्हणत पेरून निघाले होते. सबंध रान धुळीत पेरून, घर मुलासुनांवर टाकून जो माणूस आषाढीला निघतो, त्याच्या बोलण्यावर जायचं की त्याच्या करण्यावर? माझा कौल करण्याला आहे.

चिकोडीच्या मुक्कामी वाद पेटला तो सीमाप्रश्नावरून. बँकेतून निवृत्त झालेले एक भाऊ आमच्यात आहेत, हिशोबाला पक्के. त्यांचं म्हणणं, वास्तव बघा. १ नोव्हेंबर १९५६ ला आपला भाग म्हैसूर (आताच्या कर्नाटक) राज्यात गेला, हा वाद सोडवायला नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा, आणि निकाल अजून नाही. किती पिढ्या वाट बघायची? काकांनी मान हलवली. "माझ्या हयातीत होत नाही. पोराच्या हयातीतबी होईल असं वाटत नाही." भाऊंना वाटलं, जिंकलो. मग काका म्हणाले, "नातवाला मराठी शाळेत घातलंय. वर्गात पोरं कमी झालीत, म्हणून शेजारच्या दोघांच्या घरी जाऊन त्यांचीबी नावं घालून आलो."

भाऊंच्या तारखा बरोबर होत्या, मला त्यात खोट काढायची नाही. पण वास्तव म्हणजे फक्त झालेल्या गोष्टींची यादी, असं धरलं की माणूस हात बांधून बसतो. काकांनी घातलेली ती दोन नावंही वास्तवच आहेत. (त्या रात्री आमच्यात कानडी बोलणारे माळकरीही बसले होते. वादात ते पडले नाहीत, भजनात मात्र त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर होता. विठोबासमोर भाषेचा तंटा कुणी काढत नाही.)

आंधळ्या आशेचा मात्र मला राग आहे. अंकली-मांजरीच्या पुलावरून कृष्णा ओलांडली आणि दुसऱ्या दिवशी आमच्यातली एक मावशी रस्त्यातच बसली. घामानं भिजलेली, हात थरथरत होते. साखरेचा आजार, सकाळी गोळी घेतलेली आणि पोटात काही नाही. "माउली बघून घेईल," हे तिचं उत्तर. गूळ खायला घातला, टेंपोत बसवून दवाखान्यात नेलं, सुदैवानं निभावलं. श्रद्धेच्या नावाखाली शरीराची अशी हेळसांड कुणी करू नये, हे मी तिच्याशी भांडून बोललो आणि पुन्हा बोलेन. तुकोबांनी १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात पहिली बायको आणि मुलगा गमावला. त्यांची भक्ती भूक म्हणजे काय हे जवळून बघितलेल्या माणसाची आहे. भूक लागतच नाही असं मानायला त्या भक्तीनं कुणाला शिकवलेलं नाही.

मिरज, कवठेमहांकाळ मागं पडलं की आभाळ बदलतं. आमच्याकडे धो धो, इथं जूनमध्येही रान तापलेलं. सांगोल्याकडचं शेत म्हणजे डाळिंब. कमी पाण्यात येणारं फळ म्हणून या दुष्काळी मुलखानं ते धरलं, त्यावर घरं उभी केली, आणि मग तेल्या, मर, खोडकिडा या रोग-किडींनी बागाच्या बागा काढायला लावल्या. आम्ही ज्यांच्या वस्तीवर उतरलो त्यांचीही बाग गेलेली. आता निम्म्या रानात नवी रोपं, निम्म्यात बाजरी. मी विचारलं, एवढं सोसून परत डाळिंबच? ते मला बांधावर घेऊन गेले. दोन झाडांतलं अंतर वाढवलंय, रोपं खात्रीच्या ठिकाणची आणलीत, ठिबकाच्या नळ्या खोडापासून लांब ओढल्यात, सगळं दाखवलं. बाजरी कशाला, तर बाग परत गेली तर घरात भाकरी पाहिजे. आशा वगैरे शब्द त्यांनी काढला नाही.

सकाळी निघताना म्हणाले, "पुढच्या वर्षी मुक्काम इथंच करा, तोवर झाडं अंग धरतील."

काकांनी वीणा गळ्यात घातली, रोपांकडे एकवार बघितलं. "जगतात का मरतात कुणास ठाऊक," ते म्हणाले. "मुक्काम मात्र इथंच."