म्हशीची पाठ पांढरी असते

"तुमचं बरं आहे हो, निसर्गाच्या सान्निध्यात शांत बसायचं," असं कुणी म्हणालं की मी हसून सोडून देते. जलरंगात लँडस्केप करणारं माणूस स्पॉटवर शांत बसलेलं मी तरी अजून पाहिलेलं नाही. एप्रिलमध्ये सकाळी नऊनंतर आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, टाकायला घ्यावा, तर ब्रश खालच्या कडेला पोचेपर्यंत वरची कड वाळून खडखडीत. जुलैत नेमकं उलटं. वॉश वाळता वाळत नाही, आणि वरून भुरभुर आली की अख्ख्या आकाशाला फुलांसारखे डाग पडतात. माझं निसर्गाशी जे काही नातं आहे, ते सगळ्यात आधी हवेतल्या दमटपणाशी आहे. सौंदर्य वगैरे नंतर.

मी कोल्हापूरची, शुक्रवार पेठेतली. एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, करून शाळेत चित्रकला शिकवली, आता घरीच एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांचे क्लास घेते. पोट त्यावर चालतं, लँडस्केपवर नाही. पंचगंगा नदीचा घाट घरापासून चालत, रंकाळा तलाव रिक्षानं. एवढाच माझा मुलूख. हिमालयात जाऊन चित्रं काढणाऱ्यांचा मला हेवा वाटत नाही, कारण घाटाच्या त्याच त्या पायऱ्या दरवेळी वेगळ्या दिसतात. पाऊस लागला की नदी एकेक पायरी खात वर येते आणि घाटावरची देवळं पाण्यात जातात. रंकाळ्यातल्या संध्यामठाचंही तेच. उन्हाळ्यात अख्खा उघडा, पावसाळ्यात पाण्याखाली. पेन्सिलीनं नुसता आराखडा करून ठेवला आणि रंग पुढच्या महिन्यावर टाकला, तर चित्रातला विषयच गायब.

घाटाच्या काळ्या दगडासाठी मी काळा रंग वापरत नाही. अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस, बास. जाड, खरबरीत कागदावर ओलं असताना सोडून दिलं की निळ्याचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि तांबूस वर राहतो. वाळल्यावर हात फिरवावासा वाटतो, इतका तो दगड दगड होतो. पण मध्येच ब्रश घालून नीटनेटकं करायला गेलं की संपलं, चिखल. क्लासमधल्या पोरांना हे सांगून माझा घसा बसतो.

एकदा घाटावर म्हशी धुवायला आलेले एक मामा बराच वेळ मागं उभे होते. शेवटी न राहवून म्हणाले, "बाई, पाठ रंगवायची ऱ्हायली की ओ. पांढरीच सोडलीसा."

"ऱ्हायली नाही मामा, सोडलीय. तुमच्या म्हशीकडं बघा की."

म्हैस नुकतीच पाण्यातून वर आली होती. पोट, पाय काळेभोर आणि पाठीवर आख्खं आभाळ सांडलेलं, डोळ्यांवर येणारं. मामांनी बघितलं, मान हलवली. "व्हय, पर अंगावर पाणी हाय तवरच. बिगीबिगी काढा." मी ज्याला फार मोठं निरीक्षण समजत होते, ते त्यांना रोजचंच होतं.

या गावात लँडस्केप करणाऱ्याला आबालाल रहिमान टाळता येत नाहीत. शाहू महाराजांच्या पदरी असलेला हा चित्रकार कोटितीर्थ तलावाच्या काठी राहिला आणि तिथलं पाणी, झाडं रंगवत राहिला. 1922 साली महाराज गेले, तेव्हा त्या दुःखात त्यांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थात सोडून दिली, असं इथं सांगतात. 1931 साली ते स्वतः गेले. टाऊन हॉल म्युझियममध्ये त्यांची कामं आहेत. मी जाते तेव्हा हातचं काही राखून न ठेवता सरळ चोरी करायला जाते. झाडाची सावली ते किती पातळ ठेवतात, हे बघायला.

आता जरा अवघड गोष्ट. माझ्या डोळ्याला जे आवडतं, ते गावकरी म्हणून मला आवडतंच असं नाही. गळीत हंगाम सुरू झाला की आसपासच्या शिवारात उसाचं पाचट पेटतं. संध्याकाळी पन्हाळ्याच्या बाजूला जो तांबूस, धुरकट उजेड पसरतो ना, त्यासारखा उजेड वर्षात दुसरा नाही. सूर्याकडं उघड्या डोळ्यानं बघता येतं, डोंगराच्या कडा आपोआप मऊ होतात. आणि ओल्या कागदावर जळलेल्या पाचटाची काजळी येऊन बसते, घसा खवखवतो. मी खोकत खोकत रंगवते.

2019 च्या ऑगस्टमध्ये मात्र हे जमलं नाही. पाणी आमच्या गल्लीत शिरलं, आम्ही राजारामपुरीत नातेवाइकांकडं गेलो. "पुराचं एखादं चित्र होऊन जाऊ दे," असं दोघा-तिघांनी सुचवलंही. त्या पाण्याचा रंग मला कसा मिसळायचा ते माहीत होतं, तरी पॅलेट उघडलं नाही. ओसरल्यावर भिंतीवर गाळाची जी रेघ राहिली, ती पुसायला चुना दोनदा मारावा लागला. पुढं 2021 ला पुन्हा पूर आला. तेव्हाही नाही. पुराची चांगली चित्रं कुणी काढलीच असतील, माझ्याच्यानं होत नाही.

जलपर्णी मात्र रंगवते. सांडपाणी सोडलं की ती फोफावते, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण उन्हात तो पिवळसर हिरवा असा काही चमकतो, त्यात ती फिकी जांभळी फुलं! रंग म्हणून आवडतो आणि आवडतो म्हणून स्वतःचाच राग येतो. मध्यंतरी पुण्याच्या एका गृहस्थांना रंकाळ्याचं चित्र पसंत पडलं. म्हणाले, "तेवढं हिरवं काढून निळं पाणी करून द्याल का? घरात लावायचंय." जलरंगात एकदा बसलेला हिरवा सहजासहजी निघत नाही, हे खरंच आहे. मी त्यांना तेवढंच सांगितलं. निघत असता तरी काढला नसता, हे बोलले नाही. त्यांनी शेजारचं संध्यामठाचं चित्र नेलं, तेही घासाघीस करून. जलपर्णीचं अजून माझ्याकडंच आहे. कुणाला हवं असेल तर सांगा, किंमत कमी होणार नाही.